तीन काशीनाथ

“आजोबा, तुम्ही जाता कधी?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि त्याच क्षणी ईशानीला कळलं की आपल्याला विचारायचा होता तो हा नव्हेच. मुक्ताने पैज लावली होती ती हिंदीत. पूछ के दिखा, आप जाते कब हैं. शाळेच्या गेटपाशी, चुरमुरे खाताना, सगळ्याजणी खिदळत असताना तो प्रश्न कसा हलका होता, फुंकर मारली तर उडेल असा. पण मंगला गौरीच्या चढावरून पोथीसंग्रहाच्या वाचनखोलीपर्यंत येताना, हिंदीतून मराठीत येताना, वाटेत कुठेतरी त्याचं वजन वाढलं होतं. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला, तेही काशीत, आपण भर दुपारी उभं राहून विचारलं होतं की तुम्ही मरणार कधी. पलीकडच्या टेबलावरच्या दिनानाथशास्त्र्यांनी चष्म्यावरून बघितलं. पंखा एक फेरी चुकल्यासारखा वाटला. ईशानीच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि तिच्या मनात आलं की आता जमीन फाटली तरी चालेल, खाली गंगाच आहे. काशीनाथ आजोबांनी मात्र संगणकाच्या पडद्यावरचं बोट न काढता, ज्या ओळीवर होतं त्याच ओळीवर ठेवून, मान वर केली. त्यांना ऐकू कमी यायचं, पण हे नेमकं ऐकू आलं होतं.

“हा प्रश्न या गावात एकालाच शोभतो, पोरी, आणि तो विचारत बसत नाही,” ते म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, म्हणजे ते हसत होते. “आम्ही जात नाही गं. आम्ही येत असतो.”

आणि परत वाचायला लागले. ईशानी जिंकली होती. मुक्ता आता तिला ठरल्याप्रमाणे कचौडी-जलेबी खाऊ घालणार होती. तरी ती तिथून हलली नाही. आम्ही येत असतो. हे उत्तर तिच्या अंगात कुठेतरी जाऊन बसलं, गळ्याच्या खाली आणि पोटाच्या वर, जिथे परीक्षेच्या आधी काहीतरी बसतं तिथे.

मुळात ही पैज लागली बाबांमुळे. बाबा, म्हणजे रत्नाकर, पोथीसंग्रहाच्या संगणकाचं सगळं बघायचे. पाच गावांतल्या पाच संग्रहांनी मिळून एक सूची केली होती. कुठल्या पोथीत काय आहे, कुठल्या बाडात कोणाचं पत्र, सगळं त्यात. ती सूची राहायची इथे, वाचनखोलीच्या मागच्या थंड खोलीत, आणि ती वापरायच्या परवान्यात जागा होत्या वीस. सूचीत लाखभर नोंदी, ती हवी असणारी माणसं शेकडो, पण एका वेळी आत फक्त वीस. एकविसावा आला की त्याच्या पडद्यावर यायचं, सर्व जागा भरलेल्या आहेत, थोड्या वेळाने यावे. आणि गेले दोन महिने रोज दुपारी चारच्या सुमाराला जागा भरायच्या. तंजावरहून फोन, धारवाडहून फोन, ग्वाल्हेरच्या बाई तर रडकुंडीला आलेल्या. बाबा वाचनखोलीत डोकावून बघायचे तर जेमतेम सात म्हातारे, तेही जिवंत आहेत की नाहीत अशी शंका यावी इतके स्थिर. बाकीच्या तेरा जागांवर कोण बसलंय? बुधवारी ईशानी बाबांचा डबा द्यायला गेली तेव्हा ती यादी पडद्यावर उघडी होती. हिरव्या ओळी. एका ओळीत एक माणूस आणि तो आत आल्याची वेळ. तिने वाचली आणि तिच्या मानेवर काटा आला. काशीनाथ, दहा वाजून बारा मिनिटं. काशीनाथ, एक चाळीस. काशीनाथ, तीन पंचवीस. एक माणूस तीन जागांवर बसला होता. दिनानाथही तीन. तिने फोटो काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, आणि मग काय, भूत है, प्रेत है, तीन-तीन काशीनाथ, पूछ के दिखा.

खरं तर गंमत तिथेच संपायला हवी होती. पण डबा धुताना बाबांनी आईला सांगितलं ते तिने ऐकलं. शनिवारी समितीची बैठक. ज्यादा जागा मिळणार नाहीत, हे समितीने आधीच कळवलेलं. म्हणून बाबांनी लेखी अहवाल दिला होता, की मानद वाचकांना वयामुळे यंत्रातून नीट बाहेर पडणं जमत नाही, सबब त्या सातजणांची प्रवेशनावं बंद करावीत. सबब हा शब्द बाबांच्या तोंडी इतका परका वाटला की ईशानीने वळून बघितलं. बाबा सिंककडे बघत होते. मग त्या सातजणांनी करायचं काय, आईने विचारलं, आणि बाबा म्हणाले, छापील सूची आहे की. छापील सूची चाळीस वर्षांपूर्वीची होती. आणि काशीनाथ आजोबा जे वाचत होते ते कुठल्याच सूचीत नव्हतं. ते वाचून त्यांनी लिहिलं तरच ते सूचीत येणार होतं.

ते वाचायचे जुन्या वह्या. तीर्थोपाध्यायांच्या घरातून आलेल्या, मोडीत लिहिलेल्या, वाळवीने कडेकडेने कुरतडलेल्या. कुठल्या गावाहून कोण यात्रेकरू आला, बरोबर कोण, कोणाच्या अस्थी आणल्या, कोणाच्या नावाने काय केलं. कारकुनी होती ती नुसती. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांनी ईशानीला शेजारी बसवून एक पान वाचून दाखवलं होतं, आणि त्या दोरीसारख्या न तुटणाऱ्या अक्षरांतून एकदम एक बाई बाहेर आली होती. अडीचशे वर्षांपूर्वीची, वाईजवळच्या खेड्यातली, सोबत लहान दीर आणि एक शेळी. शेळी! ती चारशे कोस शेळी घेऊन का आली, याचा विचार करत ईशानी तेव्हा आठवडाभर झोपाळ्यावर बसून होती. मग तिने विचारलं होतं, आजोबा, ती परत कधी गेली? आणि आजोबांनी पान उलटंसुलटं करून दाखवलं होतं. या वह्यांत आलेले लिहितात, ते म्हणाले होते, गेलेले कोणी लिहीत नाही. बघ, हजारो माणसं आली आहेत. अजून एकही गेलेलं नाही.

तर ते आठवून ती गुरुवारी वाचनखोलीतच बसून राहिली. मुक्ताचे चार मेसेज आले, तिने बघितले नाहीत. तिला बघायचं होतं की हे सातजण उठतात कसे. आपण शाळेच्या लॅबमध्ये उठतो तसे तर नाहीच. चारच्या चहाला पहिले उठले दिनानाथशास्त्री. त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, मिटला, पडद्याला नमस्कार केला, पोथीला करतात तसा, दोन बोटं टेकवून कपाळाला लावून. मग कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून खिडकी मिटली आणि गेले. खिडकी मिटणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे, हे बाबांनी तिला समजावलं होतं. खिडकी मिटली तरी आतली जागा तशीच राहते, दिवा लावून ठेवलेल्या खोलीसारखी. परत आलात की तुम्हाला नवी खोली मिळते आणि जुन्या खोलीतला दिवा जळतच असतो. बाहेर पडायचं तर वर उजवीकडे एक बटण होतं, तेच दाबावं लागे. रात्री यंत्र एकदा सगळं झाडून टाकायचं, तोवर नाही. मग ठरावीक वेळ काही हालचाल नसली की आपोआप बाहेर का काढत नाही, असं तिने विचारलं होतं, कारण बँकेचं तसं असतं, आईच्या बँकेचं तर पाच मिनिटांत. बाबा म्हणाले, होतं की तसं, मीच बंद केलं. हे लोक एकेका पानावर दीड दीड तास बसतात. बोट हलत नाही. मशीनला वाटतं कोणी नाहीये. एकदा काशीनाथजींची अर्ध्या दिवसाची टिपणं गेली. ते नुसते पडद्याकडे बघत बसले, घंटाभर. ते बघवलं नाही मला.

वाचणं म्हणजे कोणी नसणं, असं मशीनला वाटतं. ईशानी त्या खोलीत बसून याच्यावर इतका विचार करत गेली की तिला आपलं शरीर हलकं झाल्यासारखं वाटलं. समोर सहा माणसं होती आणि कोणीच नव्हतं. मागच्या खोलीत वीस माणसं होती आणि त्यातली तेरा नव्हती. आजोबा इथे बसले होते, आणि सकाळचे आजोबाही आत कुठेतरी बसले होते, संध्या-जेवणाला घरी जाण्याआधीचे, आणि दुपारचेही, जे मध्येच पाय मोकळे करायला उठले होते. तिघे आपापली वही उघडून, एकमेकांना न बघता. आणि ती शेळीवाली बाई. तीही गेलेली नाही. खिडकीतून शिंदे घाटाकडून येणारा घंटेचा आवाज येत होता, पायऱ्यांवर कोणीतरी कोणाला हाका मारत होतं, आणि तिला वाटलं, या गावात किती खोल्यांतले दिवे जळत असतील, कोणी मिटवायलाच गेलं नाही म्हणून. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट छाती भरून आली, पुराच्या पाण्याने पहिल्या पायऱ्या गिळल्या की बघताना येते तशी, की बाप रे, हे एवढं सगळं होतं आणि आपण त्याच्या काठावर चुरमुरे खात होतो.

सातही जण उठले. सातही जणांनी नमस्कार केला. एकानेही बटण दाबलं नाही. आणि जमत नाही हे साफ खोटं होतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सत्तरी-ऐंशीतले ते हात माऊस असा फिरवत होते जसा तबलजी बोटं फिरवतो. काशीनाथ आजोबांचा बाण तर त्या बटणापर्यंत गेला, त्याच्यावर क्षणभर थांबला, आणि मागे आला, तापलेल्या तव्याजवळून हात मागे यावा तसा.

कोडं सुटलं ते शुक्रवारी सकाळी, दारात, एक पाय बुटात असताना. उशीर झाला होता, पाठीवर बॅग, तोंडात पोळीचा घास. जाते गं, ती ओरडली, आणि आतून आई, रोजच्यासारखी, हातातलं काम न सोडता, जाते काय, येते म्हण. हे रोजचंच होतं. आई साताऱ्याची. लग्न होऊन काशीला आली तेव्हापासून तिची या घराच्या मराठीशी हळू आवाजात लढाई चालू होती. बांगडी फुटली नाही, वाढवली. कुंकू संपलं नाही, वाढलं. दिवा विझवला नाही, शांत केला. बाबांचं घराणं सहा पिढ्या काशीत. त्यांची मराठी घरात शिजलेली आणि गल्लीत फोडणी दिलेली. ते म्हणायचे दूध संपून गेलं. ते म्हणायचे मी जातो, कारण गल्लीत सगळे म्हणायचे मैं जाता हूँ, आणि तिथे त्याला काही होत नसे. ईशानीने घास गिळला. दुसरा बूट हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. बटणावर काय लिहिलंय ते तिला दिसत होतं, डोळ्यांसमोर, हिरव्या चौकटीत. दोन वर्षांपूर्वी बाबांनी सगळे शब्द स्वतः मराठीत घातले होते, म्हाताऱ्यांना आपलं वाटावं म्हणून. जेवणाच्या टेबलावर बसून, हौसेने, एकेक शब्द. आत यायच्या बटणावर घातलं होतं, मी आलो. आणि बाहेर पडायच्या बटणावर, मी जातो.

आईने तेव्हा ते बघितलं नव्हतं. बाबांनी दाखवलंच नव्हतं. ती हसेल म्हणून.

शाळेत त्या दिवशी काय शिकवलं ते विचारू नका. मुक्ताने कचौडी दिली, ती तिने खाल्ली, पण तिला चव आठवत नाही. साडेतीनला ती पळत चढ चढली. वहीच्या मागच्या पानाचा बोटभर तुकडा फाडला, त्यावर निळ्या शाईने, शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात, येतो असं लिहिलं, आणि पेन्सिलपाउचमधली चिकटपट्टी तोडली. सगळं तयार असताना मात्र ती दारातच अडखळली. काल ज्या माणसाला तुम्ही जाता कधी विचारलं, त्याच्या पडद्यावर आज काहीतरी चिकटवायला जायचं म्हणजे. पण ती गेली. आजोबा चहासाठी उठायच्या बेतात होते. तिने हात पुढे केला आणि तो कागद काचेवर बरोबर त्या दोन शब्दांवर लावला. थोडा तिरका बसला.

आजोबांनी चष्मा नाकावर वर ढकलला. वाचला. एका शब्दाला किती वेळ लागावा, पण त्यांनी पान वाचतात तसा वाचला, डावीकडून उजवीकडे आणि परत.

“हा कोणी लिहिला?”

“मी.”

“आणि खालचा?”

ईशानीने ओठ आत घेतले आणि खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि परत विचारलं नाही. ते सावकाश बोलले, तिला सांगितल्यासारखं नाही, स्वतःशी वाद संपवल्यासारखं. ही वही समोर उघडी ठेवून, या क्षेत्रात बसून, रोज तीनदा मी जातो म्हणायचं? आमची ही, लीला, गेल्यावर तर मी पायऱ्या उतरतानासुद्धा तो शब्द तोंडात येऊ देत नाही. मूर्खपणा आहे हे कळतं गं मला. पण हात होत नाही.

“यावर होईल का?” ईशानीने विचारलं.

त्यांनी पडद्याला नमस्कार केला, दोन बोटं टेकवून. मग बाण त्या तिरक्या कागदाखाली सरकला आणि दिसेनासा झाला, आणि माऊस टिक् असा वाजला.

ती पळाली. वाचनखोलीत पळायचं नसतं, पण ती पळाली, मागच्या खोलीचं दार ढकललं, बाबा दचकले, आणि ती यादीसमोर जाऊन उभी राहिली. वीस ओळी नव्हत्या. एकोणीस होत्या. तिसरे काशीनाथ नव्हते. सकाळचे होते, दुपारचे होते, त्यांच्याखाली नुसती पांढरी पट्टी, रिकामी, नुकतंच कोणी उठून गेलेल्या पाटासारखी. एवढंच असतं का? एक शब्द बरोबर म्हटला की माणूस उठतो? आणि ती ते पुरतं मनात आणते न आणते तोच पट्टी हिरवी झाली. तंजावर, चार वाजून चार मिनिटं. हजार मैलांवर कोणीतरी, पुरुष की बाई, म्हातारं की तिच्याएवढं, मघापासून दारात उभं असलेलं कोणीतरी, आत येऊन त्या जागेवर बसलं होतं. त्याला काशीनाथ माहीत नव्हते. त्याला तो कागद माहीत नव्हता. ईशानीला इतकं विचित्र आणि इतकं मोठं काहीतरी वाटलं की तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. दशाश्वमेधाच्या पायरीवरून एक माणूस ओला होऊन उठतो आणि दुसरा तिथेच पाय ठेवतो, पायरी तीच. हे तिने जन्मापासून पाहिलं होतं आणि आज पहिल्यांदा बघितलं.

मग तिने बाबांना सांगितलं. सगळं, एका श्वासात, हिंदीमराठी जसं येईल तसं. बाबा ऐकत होते. शेवटी त्यांनी यादीवरून नजर काढली आणि ते खुर्चीत थोडे लहान झाल्यासारखे दिसले.

घरी चहा झाल्यावर बाबा म्हणाले की शब्द बदलून टाकतो, एका मिनिटाचं काम आहे, सोमवारी सगळं ठीक होईल. पण बैठक उद्या होती. उद्या सात नावं बंद झाली की सोमवारी तो शब्द वाचायला कोणी उरणारच नव्हतं. मग समितीला सांगा, आई म्हणाली. काय सांगू, बाबा म्हणाले, की अहवाल खोटा आहे? त्यांना जमत नाही असं मी सही करून दिलंय. आता जाऊन म्हणू, की त्यांना सगळं जमतं, गडबड माझ्या एका शब्दाची आहे? हसतील लोक. अध्यक्ष पुण्याचे आहेत. बाबा टेबलावरच्या पेल्याच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

“काय सांगू मी, हिमानी? मला मराठी येत नाही म्हणून?”

आई, जिने सतरा वर्षं रोज दारात कोणाचं ना कोणाचं क्रियापद दुरुस्त केलं होतं, ती आज नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली की मी आले तेव्हा या गावात मला मराठीत पहिला प्रश्न तुम्हीच विचारला होता, जेवलीस का म्हणून, आणि तो मला बरोबर कळला होता. बाबांनी मान वर केली नाही. ईशानीला दिसलं की त्यांचंही बोट पेल्याच्या कडेवर थांबलं आहे. न हलणारं. आणि न हलणारं बोट म्हणजे कोणी नाही असं समजायचं नसतं, हे ती कालच शिकली होती. तिला एकदम, पोटातून, गंगेच्या पाण्यासारखं वर येत, बाबांबद्दल इतकं काही वाटलं. हालचाल नसली की बाहेर काढणारं घड्याळ त्यांनीच बंद केलं होतं. म्हाताऱ्यांना आपलं वाटावं म्हणून या टेबलावर बसून त्यांनीच एकेक शब्द वेचला होता, आणि एकच चुकला होता, तोही असा की सहा पिढ्या काशीत काढलेल्या माणसाचाच चुकावा. हे समितीला सांगता येण्यासारखं होतं. हसले तर हसू देत. काल तिने त्याहून वाईट वाक्य भर वाचनखोलीत उच्चारलं होतं आणि त्यातूनच तर सगळं उलगडलं. उद्या शाळेत फिजिक्सची चाचणी होती, आणि आई तो विषय काढणार हे तिला माहीत होतं. तिने दप्तरातून तो कागदाचा तुकडा काढला. आजोबांनी चहाला जाताना तो काचेवरून अलगद सोडवून तिच्या हातात ठेवला होता, चिकटपट्टीसकट. तिने तो टेबलावर, बाबांच्या पेल्याशेजारी, सरळ लावला. तिरका बसू नये म्हणून नखाने दाबला.

“बाबा, आई, ऐका,” ती म्हणाली. “माझं ठरलंय. उद्याच्या बैठकीला मी येते.”